वेलदोड्याची डबी

दिवाळीला पंधरा दिवस उरले की आमच्या भागातल्या बेकरीसमोर डब्यांची रांग लागते. माणसांची नव्हे, डब्यांची. पत्र्याचे जुने चौकोनी डबे, त्यांवर खडूने लिहिलेले आडनाव आणि कडीला बांधलेली नंबराची चिठ्ठी. निम्मी नावे मराठीत, निम्मी कन्नडमध्ये, आणि एखादे घर असेही की ज्याच्या डब्यावर मराठी अक्षरे आणि झाकणावर कन्नड. आमचे घर त्यातलेच. घरून मैदा, तूप, पिठीसाखर न्यायची, परातीत तूप पांढरेशुभ्र होईपर्यंत तळव्याने फेटायचे, गोळे करून पत्र्यावर मांडायचे आणि पत्रा भट्टीत गेला की बाकड्यावर बसून शेजारणीशी गप्पा मारायच्या. घरोघरी ओव्हन आले तरी ही रांग अजून मोडलेली नाही. चार किलो नानकटाई घरच्या ओव्हनमध्ये भाजायची म्हणजे दोन दिवस जातात, आणि गप्पांना शेजारीण मिळत नाही ती वेगळीच.

बेकरीतला माणूस मैदा बघतो, तूप बोटाने चाखतो आणि शेवटी विचारतो, "मसाला?" नानकटाईला मसाला म्हटल्यावर परगावचा पाहुणा दचकतो. पण त्याचा अर्थ एवढाच की घरची सुगंधी पूड आणली आहे, की बेकरीतला इसेन्स घालायचा? आमच्या घरातून गेल्या पन्नासेक वर्षांत "इसेन्स घाला" असे उत्तर एकदाही गेलेले नाही. वाचकहो, आज त्या पुडीविषयी लिहायचे आहे.

सासूबाईंचे माहेर हावेरीचे. हावेरीला कन्नडमध्ये 'यालक्की कंपिन नाडु' म्हणतात, वेलदोड्याच्या सुगंधाचा मुलूख. गंमत अशी की वेलदोड्याची लागवड तिकडे मलनाडच्या डोंगरात. हावेरी ही त्याची पेठ. तिथल्या वेलदोड्याच्या माळा प्रसिद्ध आहेत, सभासमारंभात पाहुण्यांच्या गळ्यात त्याच घालतात. अशा गावातून लग्न होऊन येताना सासूबाईंनी फिरकीच्या झाकणाची एक पितळी डबी आणली. मूठभर आकाराची, झाकणावर वेलबुट्टी, आतून कल्हई केलेली. ती डबी वर्षातून दोनदा उघडते. एकदा दिवाळीच्या नानकटाईला आणि दुसऱ्यांदा डिसेंबरात. डिसेंबरचे पुढे सांगते.

माझे माहेर खानापूरचे. आमच्याकडे पुरणात जायफळाचा हात सैल. २००३ साली लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच दिवाळीत मी पुढाकार घेऊन म्हटले, "अत्ती, जायफळ थोडे वाढवू या का?" (कन्नडमध्ये अत्ती म्हणजे सासूही आणि आत्याही. आत्याची सून होण्याची चाल असलेल्या घरात दोन नाती एकाच शब्दात मावतात. मी आत्याची भाची नव्हते, त्यामुळे मला फक्त सासू मिळाली.) त्यांनी माझ्याकडे न बघताच उत्तर दिले, "जाजिकाई हेच्चादर निद्दी बर्तद." जायफळ जास्त झाले की झोप येते. तेव्हा राग आला होता. पुढे वाचले तेव्हा कळले की त्या बरोबरच बोलत होत्या. जायफळात मिरिस्टिसिन नावाचे द्रव्य असते. चिमूटभराने काही होत नाही, पण एकदोन जायफळे कुणी एकट्याने पोटात घातली तर ती विषासारखी बाधतात. लहान बाळाला झोपवण्यासाठी जायफळ उगाळून चाटवणाऱ्या घरांनी हे ध्यानात ठेवलेले बरे.

पूड करायचा दिवस ठरलेला असे. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यातली दुपार. त्या दिवशी सासूबाई डोक्याला तेल लावत नसत, देवघरात उदबत्ती लावत नसत, फोडणीचा स्वयंपाक सकाळीच आटोपून घेत. मग खलबत्ता, किसणी, वस्त्र आणि डबी घेऊन मागच्या पडवीत बसत. माझ्याकडे काम एकच, वेलदोडे सोलायचे. दाणे वेगळे, सालपटे वेगळी. सालपटे टाकायची नाहीत, निम्मी चहाला आणि निम्मी पिठीसाखरेच्या डब्यात; आठ दिवसांत साखरेला आपोआप वास लागतो. २०१८ च्या केरळमधल्या महापुराने वेलदोड्याचे मळे गेले आणि २०१९ साली भाव ऐकून माणसे दुकानातून परत फिरू लागली, तेव्हाही सासूबाईंनी दाणे कमी केले नाहीत. फक्त सालपटे मोजल्यासारखी वापरली.

बाकी सगळे त्यांच्याकडे. थोडे कुटायचे, वस्त्रातून गाळायचे, डबीत घालायचे, डबी नाकाशी धरायची, डोळे मिटायचे. "इन्नोंदीट." म्हणजे आणखी थोडे. पुन्हा कुटणे, पुन्हा डबी नाकाशी. असे पाचसहा वेळा झाले की म्हणत, "साक." पुरे. झाकण फिरवले की विषय संपला. कशाचे किती, हे कुठे लिहिलेले नव्हते. मी अर्थशास्त्र शिकवते. वजन-माप, किंमत, प्रमाण हे माझे रोजचे बोलणे. एकदोनदा विचारलेही, "पण अत्ती, अंदाजे किती?" त्यावर त्या नाकाला बोट लावून दाखवत. अठरा वर्षे मी वेलदोडे सोलले.

२०२१ च्या एप्रिलात आमच्या घरात चौघांनाही कोरोना झाला. देवाच्या दयेने कुणाला दवाखान्यात ठेवावे लागले नाही. वास सगळ्यांचाच गेला होता. मुलांचा आठ दिवसांत आला, माझा महिन्यात. सासूबाईंचा आला नाही. त्यांनी ते फारसे बोलूनही दाखवले नाही. एकदा दूध उतू जाऊन करपले तेव्हा शेजारच्या खोलीत असून त्या उठल्या नाहीत, मी धावत आले तेव्हा म्हणाल्या, "नन्न मूगु होतु." माझे नाक गेले. त्यांच्या बोलीत 'होतु' म्हणजे गेले. माझ्या मराठी कानाला ते पहिल्यांदा 'होते' असेच ऐकू आले, की माझे नाक होते. दोन्ही अर्थ खरेच होते म्हणायचे.

ऑक्टोबर आला. मला वाटले होते, यंदा त्या डबी माझ्याकडे देतील. त्यांनी नेहमीसारखी पडवीत बैठक मांडली. मी वेलदोडे सोलले. डबी नाकाशी गेली, डोळे मिटले गेले, "इन्नोंदीट". पुन्हा "इन्नोंदीट". मी बघत होते. लवंगांची वाटी दोनदा भरली गेली. त्यांना वास येत नव्हता, म्हणून त्या घालत राहिल्या. मला तिथे बसल्या बसल्या वास झोंबत होता.

मी काही बोलले नाही.

हे लिहिणे सोपे नाही, पण या सदरात आपण एकमेकांशी खोटे बोलायचे नाही असे मी केव्हाच ठरवले आहे. बोलले नाही त्याचे एक कारण म्हणजे त्यांचा मान. वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्यांच्या हातातून डबी कशी काढून घ्यायची? पण दुसरेही कारण होते. अठरा वर्षांची सालपटे कुठेतरी साठली होती. बघू या आता, असे एक वाक्य मनात येऊन गेले. त्याला यायला अर्धे मिनिटही लागले नसेल, पण आले होते.

त्या वर्षीच्या चार किलो नानकटाईने जीभ बधिर होत असे. लवंगेत युजेनॉल असते. दातांचे डॉक्टर वापरतात ते. आम्ही चहात बुडवून खाल्ली. शेजारीपाजारी डबे गेले होते, ते धुऊन, आत साखर घालून परत आले आणि कुणी चकार शब्द काढला नाही. आपल्याकडच्या सभ्यतेचा हा भाग मला कधी कधी भीती घालतो. भाऊबीजेला घरातल्या सर्वांत धाकट्याने, म्हणजे माझ्या पुतण्याने, एक तुकडा तोंडातून काढून ताटलीत ठेवला आणि म्हणाला, "आजी, हे दाताच्या डॉक्टरसारखे लागते."

सासूबाईंनी एक नानकटाई उचलली, वास घेतला, खाल्ली, जिभेवर थोडा वेळ ठेवली. मग आत गेल्या आणि डबी आणून माझ्या हातात दिली. "नीन माडु." तूच कर. अठरा वर्षे जे हवे होते ते असे मिळाले.

डिसेंबरात त्यांना नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे नेले. औषध काही नाही म्हणाले, पण व्यायाम आहे. नाकाचा व्यायाम! जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरातील थॉमस हुमेल यांनी २००९ साली ही पद्धत मांडली. चार वास घ्यायचे: गुलाब, लिंबू, निलगिरी आणि लवंग. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. प्रत्येक वास काही सेकंद, हळूहळू, लक्ष देऊन. मनात त्या वासाची आठवण जागी करत. निदान बारा आठवडे. नाकातल्या वास ओळखणाऱ्या पेशी पुन्हा तयार होऊ शकतात आणि सरावाने काही जणांची ओळख परत येते. सगळ्यांची येतेच असे नाही, हेही डॉक्टरांनी स्वच्छ सांगितले. लवंगेचे नाव ऐकल्यावर सासूबाई माझ्याकडे बघून हसल्या. भाऊबीजेनंतर पहिल्यांदाच.

घरी येऊन चार बाटल्या मांडल्या. कापसाला गुलाबाचे अत्तर, लिंबाची साल, निलगिरीचे तेल आणि ठेचलेली लवंग. पहिल्या दिवशी त्यांनी चारही बाटल्या हुंगल्या आणि म्हणाल्या, "वासनी बरवल्दु." वास येईना. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी बाटली माझ्या नाकाशी धरून म्हणाल्या, "तुला येतोय ना? मग कसा येतोय ते सांग."

मी म्हटले, "लवंगेसारखा."

"हे काय सांगणे झाले? आधी काय येते, मग काय येते?"

तिथून खरी शिकवणी सुरू झाली. त्यांना वास येत नव्हता, पण वासाची आठवण शब्द-शब्द शाबूत होती. लवंग आधी तिखट येते, मग गोड, आणि तिसऱ्यांदा नाक लावले तर जुन्या लाकडी कपाटासारखी. मी हुंगायचे, सांगायचे, आणि त्या आठवणीतून दुरुस्त करायच्या. निलगिरीची बाटली मी हुंगली आणि म्हटले, थंड, नाकाच्या वरपर्यंत जाणारी. तर म्हणाल्या, "ती यालक्कीची थोरली बहीण. यालक्कीत पहिल्यांदा तीच येते, गोडवा मागून येतो." मला ती कविकल्पना वाटली. कॉलेजात रसायनशास्त्राच्या सहकाऱ्याला सांगितले तर ते म्हणाले, "बरोबर आहे, सिनिओल." निलगिरीच्या तेलातला मुख्य घटक तोच आणि वेलदोड्यातलाही एक मोठा घटक तोच. हावेरीच्या बाईने तो नाकाने शोधून ठेवला होता.

चार बाटल्यांच्या आम्ही आठ केल्या. वेलदोडा, जायफळ, जायपत्री, सुंठ. जायफळ आणि जायपत्री एकाच फळाची; आतली बी जायफळ आणि बीवरचे लाल जाळीदार आवरण जायपत्री. दोन्ही शेजारी ठेवून हुंगल्याशिवाय त्यांतला फरक कळत नाही. जायफळ जड, दुपारच्या झोपेसारखे. जायपत्री त्याचीच, पण फुलाकडे झुकलेली. सुंठेचा वास लिंबाच्या सालीच्या जवळचा. दालचिनी आमच्या डबीत नसते, पण तिचीही बाटली ठेवली, कारण बाजारात दालचिनी म्हणून जे मिळते त्यातले पुष्कळसे कॅसिया असते: जाड, एकाच थराची, कडक साल. खरी दालचिनी पातळ, अनेक पापुद्र्यांची गुंडाळी, बोटाने चुरडते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने तिची 'कोकण तेज' नावाची जात काढली आहे. वासात दोघींचा फरक फार. कॅसिया एकदम हल्ला करते, खरी हळू बोलते.

आपल्या दोन भाषांचाही एक धडा त्यात झाला. मराठीत आपण 'वास येतो' म्हटले की ऐकणारा आधी नाक मुरडतो. चांगला असेल तर सुवास म्हणावे लागते. परिमळ हा शब्द आपण कवितेत ठेवून दिला. कन्नडमध्ये परिमळ रोजच्या बोलण्यात आहे, भाताला आणि साजूक तुपालाही. आणि 'घमघम' मात्र दोघांचा एकच. घमघमाट म्हणायला आपण एक 'आट' जोडतो एवढेच.

२०२२ च्या दिवाळीला पूड मी करायची होती. सासूबाईंना मी सरळ सांगितले की मला नाकावर भरवसा नाही, मी वजन करून वहीत लिहिणार. त्या म्हणाल्या, "लिही." घरच्या बॅटरीच्या काट्यावर ग्रॅमखालचे दिसेना, चार लवंगा ठेवल्या तरी काटा शून्यावर. मग आम्ही दोघी शहापूरच्या एका ओळखीच्या सराफाकडे गेलो. सोने तोलायच्या काट्यावर जायपत्री ठेवताना सराफ म्हणाले, "वहिनी, घडणावळ किती धरू?" दुकानभर वेलदोड्याचा वास सुटला होता. गिऱ्हाइके आत येऊन क्षणभर थांबत होती.

दोन किलो मैद्याच्या नानकटाईसाठी वहीत उतरलेले असे. सालासकट पंचवीस ग्रॅम हिरवे वेलदोडे. सोलल्यावर दाणे सतराअठरा ग्रॅम भरले. दाणे काळपट आणि किंचित चिकट हवेत. तपकिरी, कोरडे, खुळखुळणारे असतील तर दुकानदाराला परत द्यावेत. मध्यम जायफळ एक, म्हणजे पाच ग्रॅम, कोरडेच किसलेले. सहाणेवर दुधात उगाळलेले इथे चालत नाही, ओल जाते आणि नानकटाई फुलताना फाटते. जायपत्री एक ग्रॅम. लवंगा चार, पाच नाहीत. सुंठ दोन ग्रॅम. बडीशेप पाच ग्रॅम, तीही आच बंद केलेल्या तव्यावर नुसती कोमट केलेली. कुटताना दोन चमचे साखर. साखरेचे कण दाणे बारीक करतात आणि सुटणारे तेल धरून ठेवतात, त्यामुळे पूड खलाला चिकटत नाही. मिक्सर वापरायचाच तर थांबून थांबून, कारण भांडे तापले की वास स्वयंपाकघरात राहतो आणि डबीत नुसती माती.

वहीच्या डाव्या पानावर सासूबाईंनी कन्नडमध्ये नावे लिहिली, उजव्या पानावर मी मराठीत. यालक्की, वेलदोडा. जाजिकाई, जायफळ. जापत्री, जायपत्री. शुंठी, सुंठ. सगळ्या यादीत जसाच्या तसा शब्द एकच निघाला, लवंग. त्यावर दोघींनीही काही भाष्य केले नाही.

अजून एक गोष्ट वहीत आहे, आणि ती मला वाटते मसाल्यापेक्षा महत्त्वाची. पूड मैद्यात मिसळायची नाही. तूप फेटताना तुपात घालायची. सुगंधाची ही तेले स्निग्ध पदार्थात विरघळतात, पाण्यात फारशी नाहीत. तुपात मुरली की भट्टीच्या आचेत सगळी उडून जात नाहीत. मैद्यात कोरडी घातलेली पूड भट्टीच्या दारातून अर्धी निघून जाते. बेकरीच्या बाहेर रांगेत उभ्या असलेल्यांना तुमच्या नानकटाईचा फार छान वास आला, तर समजावे की तेवढा तुमच्या डब्यातून कमी झाला. मी हे पूर्वी कधी लक्षात घेतले नव्हते. सासूबाई पूड तुपात घालायच्या, एवढेच बघितले होते.

डिसेंबरचे सांगायचे राहिले. कॅम्पात आमच्या ओळखीचे एक गोव्याचे ख्रिस्ती कुटुंब आहे. तिथल्या मावशी नाताळला केक करतात, आणि आमच्या घरातून गेली तीसेक वर्षे त्यांच्या केकसाठी पूड जाते. ती निराळी. तिच्यात वेलदोडा नावापुरता; दालचिनी, लवंग, जायफळ आणि सुंठ यांचेच राज्य, आणि वाळवलेल्या संत्र्याच्या सालीची चिमूट. साखर करपवून काळा रंग आणलेल्या आणि महिनाभर मुरवलेल्या मनुकांच्या केकला नानकटाईची पूड घातली तर ती ऐकूच येणार नाही, आणि केकची पूड नानकटाईला घातली तर २०२१ होईल. त्या बदल्यात नाताळच्या आदल्या दिवशी आमच्याकडे केक, नेवऱ्या आणि कुलकुल येतात. २०२१ च्या डिसेंबरात पूड पाठवायची की नाही यावर घरात बराच खल झाला. शेवटी सासूबाईंनी स्वतः फोन करून मावशींना सांगितले की यंदा नाक गेले आहे. पलीकडून मावशी म्हणाल्या, "माझे पण." त्यांनाही एप्रिलातच झाला होता. त्या वर्षी केकमध्ये कशाचे प्रमाण काय पडले ते दोघींनाही कळले नाही. फोनवर दोघी बराच वेळ हसत होत्या. मला बाहेरून ते हसणेच वाटले.

आता खरे ते सांगते. वही झाली, काटा झाला, २०२२ ची नानकटाई सुरेख झाली. २०२३ ला त्याच वजनाने केली तर सपक. वेलदोडे जुने होते. पुढच्या वर्षी जायफळ ताजे मिळाले, गोव्यातल्या सहकाऱ्याच्या कुळागरातले, आणि पाच ग्रॅमने सगळ्यांना खरोखरच झोप येईल असे वाटू लागले. मसाला म्हणजे काही साखर नव्हे, की किलो म्हणजे किलो. त्याचे वय, त्याने खाल्लेला पाऊस, दुकानदाराने तो कुठे ठेवला, यावर त्याची ताकद. सासूबाई दर वर्षी पाचसहा वेळा डबी नाकाशी का धरत, ते मला वही लिहून झाल्यावर कळले. त्यांचे प्रमाण ठरलेले कधी नव्हतेच. दर वर्षी त्या वेगवेगळी वजने घालून एकच वास काढत होत्या. मी वजन पकडून बसले होते.

म्हणून वही ठेवली आहे, पण आता ती सुरुवातीपुरती. वजनाच्या पाऊण भागावर थांबायचे, हात धुऊन यायचे, मग नाक लावायचे. एकामागून एक वास घेऊन नाक बधिर होते, तेव्हा मध्ये अंगणात जाऊन यायचे. तयार पूड दोन महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची नाही. वर्षाचा साठा करायचा तो अख्ख्या मसाल्याचा. आमच्या सदराच्या वाचक भगिनी दर वर्षी विचारतात म्हणून इतके तपशिलाने लिहिले.

सासूबाईंच्या नाकाचे असे झाले की लिंबू पहिल्यांदा आले, २०२२ च्या उन्हाळ्यात. मग लवंग. २०२३ च्या जानेवारीत हावेरीला कन्नड साहित्य संमेलन झाले तेव्हा भाच्याने तिथून वेलदोड्याची माळ आणली. माळ त्यांनी कितीतरी वेळ नाकाशी धरली आणि म्हणाल्या, काहीतरी येते आहे, पण साबणासारखे. कॉफी अजूनही त्यांना करपलेली लागते. डॉक्टर म्हणतात, वाकडी का होईना, ओळख येते आहे. बाटल्या मात्र चालू आहेत. संध्याकाळी दिवा लागला की आम्ही दोघी बसतो.

परवाच्या रविवारी यंदाची पूड झाली. उदबत्ती लावली नव्हती, मीही डोक्याला तेल लावले नव्हते. वेलदोडे सासूबाईंनी सोलले. जायफळ साडेतीन ग्रॅमवर थांबवले आणि डबी त्यांच्या हातात दिली. त्यांनी डोळे मिटले.

"लवंग बंदद," म्हणाल्या. लवंग आली. मग बराच वेळ गप्प. "यालक्की गोत्तागवल्दु. नीन हेळु."

वेलदोडा कळत नाही, तू सांग.

मी डबी घेतली, अंगणात जाऊन आले, पुन्हा घेतली. आधी थंड, मग गोड, मागे जायफळ. "इन्नोंदीट," मी म्हटले. त्यांनी चिमूटभर दाणे खलात टाकले. कुटून, गाळून घातले. पुन्हा हुंगले.

"साक."

त्यांनी झाकण फिरवले. बेकरीची चिठ्ठी गुरुवारची मिळाली आहे, नंबर एकतीस.